हरलेला डाव पुन्हा मांडताना

कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन करणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली एक सिद्धान्त मांडला. एखादे ठरावीक काम आपल्या हातून पार पडेल की नाही, याविषयी माणूस मनाशी जो अंदाज बांधून असतो, त्यावर तो ते काम हाती घेईल का, अडचण आली तर किती काळ टिकेल आणि अपयशानंतर पुन्हा उभा राहील का, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या अंदाजाला स्वक्षमतेवरील विश्वास म्हणता येईल. व्यवहारात आत्मविश्वास म्हणून जे ओळखले जाते, त्याहून ही कल्पना अधिक काटेकोर आहे, कारण ती माणसाच्या एकूण स्वभावाविषयी बोलत नाही, तर नेमक्या कामाविषयी बोलते. सभेत बोलताना अडखळणारी मुलगी बुद्धिबळाच्या पटावर निर्धास्त असू शकते आणि पटावरची ती निर्धास्तता सभेत तिच्या कामी येईलच, असे नाही.

हा विश्वास चार वाटांनी घडतो, असे बांडुरा यांनी सांगितले. पहिली आणि सर्वांत प्रभावी वाट म्हणजे स्वतः कष्टाने मिळवलेले यश. दुसरी, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते काम करताना पाहणे. तिसरी, ज्याच्या मताला आपण किंमत देतो अशा व्यक्तीचे शब्द. चौथी वाट शरीरातून जाते, म्हणजे छातीतली धडधड आणि तळहाताचा घाम यांचा अर्थ माणूस भीती असा लावतो की तयारी असा, यावरही विश्वास वाढतो किंवा खचतो. मुलांच्या बाबतीत घरोघरी सर्वाधिक भर तिसऱ्या वाटेवर, म्हणजे कौतुकावर आणि धीर देण्यावर असतो, पण प्रत्यक्ष अनुभवाचा आधार नसेल तर शब्दांनी उभा केलेला विश्वास पहिल्याच अपयशात कोसळतो, असे बांडुरा यांचे निरीक्षण होते. स्पर्धा आणि गुरू या दोन्हींचे खरे काम इथून सुरू होते, आणि ते कसे चालते हे पाहण्यासाठी बुद्धिबळाइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल, कारण या खेळात प्रत्येक चाल लिहून ठेवली जाते आणि प्रत्येक निकालाचा हिशेब होतो.

बुद्धिबळाच्या बहुतेक खुल्या स्पर्धा स्वीस पद्धतीने होतात. १८९५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे वापरली गेल्यामुळे या पद्धतीला हे नाव मिळाले. बाद पद्धतीत हरलेला खेळाडू घरी जातो, पण स्वीस पद्धतीत कुणीही बाद होत नाही, उलट प्रत्येक फेरीनंतर सारखे गुण असलेल्या खेळाडूंची एकमेकांशी गाठ घातली जाते. जिंकणाऱ्याला पुढच्या फेरीत जिंकणारा भेटतो, हरणाऱ्याला हरणारा, आणि तीन-चार फेऱ्या उलटेपर्यंत बहुतेक जण साधारण आपल्या ताकदीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर येऊन बसलेले असतात. तालमीत वस्ताद पोरांची ताकद पाहून जोड लावतो, त्याच हिशेबाने ही पद्धत पटापटांवर जोड्या लावत जाते. पहिल्या फेरीत नामवंत खेळाडूकडून सपाटून हरलेल्या दहा वर्षांच्या मुलाला त्याच दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पटावर बसावे लागते आणि या वेळी समोरचाही हरूनच आलेला असतो. पराभव हा शेवट नसून पुढच्या जोडीचा आधार आहे, ही गोष्ट त्याला कुणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

याच्या जोडीला गुणांकनाची व्यवस्था आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेतील मिलवॉकी येथे भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांनी ती तयार केली, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० साली ती स्वीकारली. दोन खेळाडूंच्या गुणांकनातील फरकावरून त्यांच्यातील डावाचा अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून जितका वेगळा लागेल तितके गुण वाढवायचे किंवा घटवायचे, एवढेच तिचे तत्त्व आहे. समजा, १६०० गुणांकन असलेली चौदा वर्षांची मुलगी १८०० गुणांकनाच्या खेळाडूशी खेळते आहे. दोनशे गुणांच्या फरकाला तिच्याकडून एका डावात सरासरी ०.२४ गुणाची अपेक्षा असते, म्हणजे असे शंभर डाव झाले तर तिने चोवीस गुण मिळवावेत. अठरा वर्षांखालील खेळाडूंचे गुणांकन २३०० च्या खाली असेपर्यंत हा फरक ४० ने गुणला जातो. त्यामुळे ती हरली तर तिचे दहाच्या आसपास गुण जातात, डाव बरोबरीत सुटला तर तिला दहाच्या आसपास गुण मिळतात, आणि जिंकली तर तीस. बलाढ्य खेळाडूशी साधलेली बरोबरी ही कमाई आहे, हे इथे दिलासा म्हणून सांगितले जात नाही, ते हिशेबातच आहे. तरुण वयात आत्मविश्वासाचा खरा शत्रू अपयश नसतो, तर आपण नेमके कुठे आहोत याविषयीचा अंधार असतो, आणि तो अंधार हे आकडे बऱ्याच प्रमाणात दूर करतात.

तरीही आकडा ‘किती’ एवढेच सांगतो, ‘का’ ते सांगत नाही, आणि स्पर्धेची मर्यादा इथे येते. बर्नार्ड वाइनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यशापयशाच्या कारणमीमांसेचा, म्हणजे माणूस आपल्या यशाची किंवा अपयशाची कोणती कारणे मनाशी धरतो याचा, सविस्तर अभ्यास केला. अपयशाचे कारण कायमचे आणि आपल्या हाताबाहेरचे आहे असे वाटले तर प्रयत्न थांबतो, आणि ते बदलता येण्याजोगे, आपल्या आवाक्यातले आहे असे वाटले तर प्रयत्न चालू राहतो. हरलेल्या मुलाच्या मनात यांपैकी कोणते कारण घर करील, हे डावानंतरच्या तासाभरात ठरते, आणि त्या तासात शेजारी कोण बसले आहे याला फार महत्त्व असते.

पूर्ण कालावधीच्या डावात दोन्ही खेळाडूंना प्रत्येक चाल नोंदपत्रिकेवर लिहावी लागते, आणि अनेक मुले चालीशेजारी घड्याळात उरलेला वेळही टिपून ठेवतात. चांगला प्रशिक्षक ही पत्रिका हातात घेतो तेव्हा ज्या चालीवर घोडा फुकट गेला त्या चालीकडे तो लगेच वळत नाही. तो डाव पहिल्यापासून मांडायला लावतो, एखाद्या ठिकाणी मुलीचा हात थांबवतो आणि विचारतो, “इथे तुला काय दिसत होतं?” ती सांगते की हत्ती मोकळ्या पट्टीवर आणायचा विचार होता, पण उंटाची भीती वाटली. “मग ही भीती खरी होती का? खेळून बघ.” दोन-तीन चाली पुढे मांडून पाहिल्यावर भीती निराधार होती हे तिला स्वतःलाच दिसते. मग प्रशिक्षक वेळेच्या आकड्यांवर बोट ठेवतो. अठराव्या चालीला तिच्याकडे पन्नास मिनिटे होती, चोविसाव्या चालीला सहा. घोडा गेला तो एकतिसाव्या चालीला, पण डाव खरा हातातून निसटला तो या सहा चालींत, सगळ्या फांद्या शेवटपर्यंत मोजून पाहण्याच्या हट्टापायी. या बैठकीच्या आधी मुलीचे कारण होते, ‘सर, माझं डोकंच चालत नाही’. बैठकीनंतर ते होते, ‘मध्यखेळात माझा वेळ फार जातो’. दुसऱ्या कारणावर सोमवारपासून काम सुरू करता येते, पहिल्यावर काहीच करता येत नाही. मार्गदर्शनाचा गाभा या बदलात आहे, आणि धीर देणारे शब्द कितीही मनापासून आले तरी हा बदल घडवून आणू शकत नाहीत.

या कामाला शिस्तीचे रूप देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात सोव्हिएत संघाच्या मिखाईल बोटविनिक यांना जाते. १९४८ साली विश्वविजेते झालेल्या बोटविनिक यांनी साठच्या दशकात निवडक मुलांसाठी शाळा सुरू केली आणि पुढे अनातोली कार्पोव्ह, गॅरी कास्पारोव्ह आणि व्लादिमीर क्रामनिक हे तीन विश्वविजेते वेगवेगळ्या काळात तिच्यात शिकून गेले. मुलांनी आपले डाव स्वतः तपासून आणायचे, गुरू आणि सोबती यांच्यासमोर मांडायचे, टीका ऐकायची आणि प्रत्येकाच्या उणिवा पाहून दिलेला अभ्यास घेऊन घरी जायचे, असा तिथला शिरस्ता होता. कोवळ्या कार्पोव्हविषयी या गुरूचे मत मुळीच चांगले नव्हते. या मुलाला बुद्धिबळातले काही कळत नाही आणि या खेळात त्याला भवितव्य नाही, असे ते म्हणाल्याचे सांगितले जाते. कार्पोव्ह १९७५ साली विश्वविजेते झाले आणि बोटविनिक यांनी नेमून दिलेल्या अभ्यासाचा आपल्याला फार उपयोग झाला, असे त्यांनी पुढे आवर्जून लिहिले. गुरूचे भाकीत चुकले तरी त्याने लावलेली कामाची सवय फळली, आणि शिष्याच्या भवितव्याविषयीच्या भाकितांपेक्षा त्याच्या डावांकडे दिलेले लक्ष अधिक मोलाचे असते, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा मिळणे कठीण.

भारतात ही परंपरा उशिरा आणि आडवाटेने आली. विश्वनाथन आनंद यांना सहाव्या वर्षी खेळ शिकवला तो त्यांच्या आईने, आणि तो पुढे रुजला तो चेन्नईतील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात चालणाऱ्या ताल बुद्धिबळ क्लबमध्ये. १९८७ साली ते कनिष्ठ गटाचे विश्वविजेते झाले आणि १९८८ साली भारताचे पहिले ग्रँडमास्टर. दुसरे ग्रँडमास्टर दिब्येंदू बारुआ १९९१ मध्ये आले आणि तिसरे, मुंबईचे प्रवीण ठिपसे, १९९७ मध्ये. म्हणजे नऊ वर्षांत तीन. जुलै २०२५ मध्ये ही संख्या ८८ वर पोचली. या झेपेमागे संगणक, वाढलेल्या स्पर्धा आणि पालकांनी सोसलेला खर्च ही कारणे आहेतच, पण एक कारण असेही आहे की आधीच्या पिढीतील खेळाडू मोठ्या संख्येने प्रशिक्षक झाले आणि जे ज्ञान पूर्वी मॉस्कोहून पुस्तकांतून यायचे, ते शेजारच्या खुर्चीवर बसून मिळू लागले. आनंद यांनी वेस्टब्रिज कॅपिटलच्या साहाय्याने डिसेंबर २०२० मध्ये निवडक तरुणांसाठी प्रबोधिनी सुरू केली. तिच्या पहिल्या तुकडीत आर. प्रज्ञानंद, डी. गुकेश, निहाल सरीन आणि आर. वैशाली यांच्याबरोबर नागपूरचा रौनक साधवानी होता, आणि मार्गदर्शकांमध्ये आर्तूर युसुपोव्ह आणि बोरिस गेल्फांड होते. यांपैकी युसुपोव्ह हे थोर सोव्हिएत प्रशिक्षक मार्क द्वोरेत्स्की यांचे शिष्य, तर गेल्फांड हे २०१२ साली मॉस्कोत विश्वविजेतेपदासाठी आनंद यांच्याशीच झुंजलेले प्रतिस्पर्धी.

गुकेशच्या घडणीत मार्गदर्शनाचे दोन वेगळे प्रकार दिसतात. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी सुरुवातीची अनेक वर्षे त्याला संगणकापासून दूर ठेवले. बुद्धिबळाचा संगणकीय कार्यक्रम कोणत्याही स्थितीतील उत्तम चाल क्षणार्धात दाखवतो, त्यामुळे शिकणाऱ्याला उत्तर मिळते, पण आपल्या डोक्याने काढलेल्या उत्तरावर विसंबून राहण्याची सवय लागत नाही, आणि स्पर्धेच्या पटावर तर दुसरे कोणीच मदतीला नसते. गुकेश जानेवारी २०१९ मध्ये बारा वर्षे, सात महिने आणि सतरा दिवसांचा असताना ग्रँडमास्टर झाला, तोपर्यंतची त्याची तयारी प्रामुख्याने स्वतःच्या गणनशक्तीवर झाली होती. बांडुरा यांच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या यशाचा अनुभव उसना नव्हता.

दुसरा प्रकार शब्दांचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे डिंग लिरेनविरुद्ध जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली तेव्हा अठरा वर्षांचा गुकेश पहिलाच डाव पांढऱ्या मोहऱ्यांनी हरला. खोलीकडे परतताना लिफ्टमध्ये त्याला आनंद भेटले आणि म्हणाले की त्यांच्याकडे अकराच डाव उरले होते, गुकेशकडे तेरा आहेत. हा प्रसंग गुकेशने पुढे स्वतः सांगितला. या वाक्यामागे २०१० सालची सोफियातील लढत होती, जिच्यात आनंद व्हेसेलिन टोपालोव्ह यांच्याकडून पहिला डाव हरले होते आणि बाराव्या, शेवटच्या डावात काळ्या मोहऱ्यांनी जिंकून त्यांनी विजेतेपद राखले होते. कौतुक नाही, समजूत घालणे नाही, ‘तू जिंकशील’ असे आश्वासनही नाही, फक्त एक वजाबाकी आणि ती करणाऱ्याचा स्वतःचा अनुभव. अशा शब्दांना वजन येते ते बोलणारा त्याच वाटेवरून गेलेला असतो म्हणून. त्याआधी एप्रिलमध्ये टोरंटोच्या आव्हानवीर स्पर्धेत सातव्या फेरीत अलिरझा फिरुझाकडून वेळेच्या तंगीत हरल्यानंतर, विश्रांतीच्या दिवशी, आपण ही स्पर्धा जिंकू शकतो असे गुकेशला प्रकर्षाने वाटू लागले होते, असेही त्याने सांगितले आहे. चौदा फेऱ्यांतला तो त्याचा एकमेव पराभव ठरला. पराभवातून विश्वास वाढणे हे विरोधाभासी वाटेल, पण ज्याला आपल्या चुकीचे नेमके कारण शोधता येते त्याच्या बाबतीत ते तर्काला धरूनच आहे.

बांडुरा यांनी सांगितलेली दुसरी वाट, म्हणजे आपल्यासारख्या कुणाला तरी करताना पाहणे, मुलींच्या बाबतीत विशेष मोलाची ठरली आहे आणि तिची सुरुवात महाराष्ट्रात शोधावी लागते. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन मुलींनी भारतातील महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेवर सुमारे दशकभर आपली मोहर उमटवली. १९७४ सालची पहिली राष्ट्रीय विजेती वासंती होती. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा मोठे वादळ उठले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि फिडेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांना, स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय द्यावा लागला. धाकट्या बहिणीला आपल्या थोरल्या बहिणी घरातल्याच पटावर जिंकताना दिसत होत्या, ही गोष्ट या यशाचा विचार करताना नजरेआड करता येत नाही. ज्या घरी एकीने दार उघडले, तिथे दुसरीला ते बंद आहे असे वाटण्याचे कारणच उरले नाही.

नागपूरच्या दिव्या देशमुखपर्यंत येताना ही वाट रुंद झालेली दिसते, जरी ती पुरती निर्वेध झालेली नाही. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील स्पर्धेनंतर, प्रेक्षक मुलींच्या चालींपेक्षा त्यांच्या कपड्यांकडे आणि केसांकडे अधिक पाहतात, असे तिने जाहीरपणे लिहिले होते. त्याच वर्षी ती कनिष्ठ गटाची विश्वविजेती झाली आणि बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिला संघाच्या सुवर्णपदकाबरोबर तिने वैयक्तिक सुवर्णही मिळवले. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथील महिला विश्वचषकाला ती गेली तेव्हा तिच्या नावावर ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही निकष नव्हता. एरवी असे तीन निकष आणि २५०० गुणांकन मिळवावे लागते, पण ही स्पर्धा जिंकणाऱ्या खेळाडूला किताब थेट बहाल होतो. तिने झू जिनर, हरिका द्रोणवल्ली आणि टॅन झोंगयी यांना मागे टाकले आणि अंतिम लढतीत कोनेरू हम्पीला गाठले. पारंपरिक दोन्ही डाव बरोबरीत सुटले, जलद डावांपैकी पहिला बरोबरीत गेला आणि दुसरा एकोणीस वर्षांच्या दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. हम्पी २००२ साली ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. मुलगी लहानपणापासून ज्या नावाकडे मान वर करून पाहते, त्याच नावाशी पटावर झुंजण्याची वेळ तिच्यावर येते तेव्हा मागची पिढी एकाच वेळी आदर्शही असते आणि मोजपट्टीही.

हे सारे इतके सरळ घडत असते तर प्रत्येक हुशार मुलाला मोठ्या स्पर्धेत आणि नामांकित शिबिरात पाठवणे एवढेच पुरले असते. ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ संशोधन केलेले हर्बर्ट मार्श यांनी ऐंशीच्या दशकात दाखवून दिले की सारखीच कुवत असलेली दोन मुले एक सामान्य आणि एक अतिहुशार वर्गात घातली तर दुसऱ्याचे स्वतःविषयीचे मत खाली येते, कारण मूल आपली तुलना जगाशी करत नाही, शेजारच्या बाकाशी करते. गावात अव्वल असलेला मुलगा शहरातल्या प्रबोधिनीत गेल्यावर महिनाभरात मिटून जातो, त्याचे कारण इथे आहे. अशा वेळी प्रशिक्षकाने मुलाची तुलना सोबत्यांवरून हटवून त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या डावांशी लावून द्यावी लागते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बुद्धीची स्तुती झालेली मुले पुढच्या अपयशानंतर मेहनतीची स्तुती झालेल्या मुलांपेक्षा लवकर कच खाताना आढळली. यानंतरच्या संशोधनात या विचारावर आधारलेल्या उपक्रमांचे परिणाम कमी-अधिक आले आहेत, त्यामुळे त्याला रामबाण मानू नये. परंतु सात वर्षांच्या मुलाला ‘भावी विश्वविजेता’ म्हणून मिरवणाऱ्या पालकांनी हे संशोधन वाचायलाच हवे. शिवाय बुद्धिबळाने गणित सुधारते, अभ्यासात प्रगती होते, अशा जाहिरातीही जपून ऐकल्या पाहिजेत. इंग्लंडमध्ये शंभर शाळांतील मुलांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, शाळेत वर्षभर बुद्धिबळ शिकवल्याचा गणितावर वर्षानंतर कोणताही परिणाम आढळला नाही. खेळातला विश्वास प्रथम त्या खेळापुरता असतो, आणि तेवढाही तो मोलाचा आहे.

महाराष्ट्रात आज मुलांसाठी ज्या स्पर्धा गावोगावी, मंगल कार्यालयांत आणि शाळांच्या सभागृहांत होतात, त्यांतल्या बऱ्याच एकदिवसीय आणि जलद पद्धतीच्या असतात. खर्च कमी, रविवार एकच, बक्षिसे भरपूर, त्यामुळे पालकांना त्या परवडतात, आणि या स्पर्धा नसत्या तर अनेक मुलांनी पट पाहिलाही नसता. मात्र जलद डावात चाली लिहिण्याचे बंधन नसते. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत मूल सहा-सात डाव खेळते आणि त्यांतल्या एकाचीही नोंद उरत नाही, म्हणजे निकाल राहतो आणि त्याचे कारण नाहीसे होते. आयोजकांनी अशा स्पर्धेत निदान एक फेरी पूर्ण नोंदीची ठेवली आणि बक्षिसांच्या रकमेतला थोडा भाग काढून सभागृहाच्या एका कोपऱ्यात दोन अनुभवी खेळाडू दिवसभर बसवले, ज्यांच्याकडे कोणतेही मूल आपली पत्रिका घेऊन जाऊ शकेल, तर ज्या मुलांना प्रशिक्षकाचे महिन्याचे शुल्क परवडत नाही त्यांनाही आपला हरलेला डाव जाणत्या माणसासमोर एकदा तरी मांडता येईल. जिल्हा संघटनांना हे करण्यासाठी नव्या निधीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.